धोंड्याच्या वाणात मिळालेली मोटर

ज्या गल्लीत नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, त्या गल्लीत राहून मी बोटीची मोटर घरी आणली.

मी हे एका वाक्यात सांगितलं. आमची मंगल (म्हणजे सौभाग्यवती) हीच हकिकत सांगते तेव्हा तिला दोन कप चहा आणि ऐकणाऱ्याची अख्खी संध्याकाळ लागते. शिवाय तिच्या हकिकतीत मी फारसा बरा दिसत नाही. माझ्याही हकिकतीत दिसणार नाही म्हणा, पण मी निदान लवकर संपवीन.

पाण्याशी माझं काही नातं नाही, हे आधी सांगून टाकतो. आमचं मूळ गाव पिशोर. आमच्या मळ्यात पाणी म्हणजे विहिरीत वाकून "आहे का रे बाबा?" अशी चौकशी करायची गोष्ट. आमच्या घरात कुणालाही पोहता येत नाही, कारण बुडण्याइतकं पाणी कधी एका जागी साठलंच नाही. मी स्वतः छत्रपती संभाजीनगरात (तेव्हाच्या औरंगाबादेत) पाटबंधारे खात्यात कारकून. धरणांच्या फायली आयुष्यभर या टेबलावरून त्या टेबलावर सरकवल्या. धरणात पाय एकदाही घातला नाही. पण सासरच्यांचा ठाम समज, की जावई पाण्याच्या खात्यात आहे, म्हणजे त्याला पाण्यातलं सगळं कळत असणार. आणि कुठल्याही शहाण्या जावयाप्रमाणे मी हा समज खोडून काढला नव्हता. तिथंच घात झाला!

सासुरवाडी मात्र अगदी पाण्याच्या काठावर. जायकवाडीचं धरण झालं तेव्हा त्यांचं जुनं गाव बुडालं आणि नवं गाव वर माळावर वसलं. गावचा भैरोबा तेवढा टेकडीवर होता म्हणून वाचला, पण टेकडीचं बेट झालं. आता घराच्या ओट्यावर बसलं की दूर पाण्यापलीकडं देऊळ दिसतं, चुन्याचं बोट टेकवल्याएवढं. सासूबाई रोज सकाळी त्या ठिपक्याला हात जोडायच्या. माघी पौर्णिमेला सगळं गाव वल्ह्याच्या होड्यांतून भैरोबाला जायचं. सासूबाई मात्र सात-आठ वर्षांत गेल्या नव्हत्या. एका वर्षी वाऱ्यानं त्यांची होडी ऐन मध्यावर गाठली, दीड तास जागच्या जागी नाचवली, आणि दर्शनाशिवाय माघारी आणून सोडली. तेव्हापासून वल्ह्याच्या होडीत त्यांनी पाय ठेवला नाही.

त्या वर्षी अधिक महिना आला आणि मला धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. अधिक महिना तीन वर्षांनी येतो. म्हणजे जावयाचा मान तीन वर्षांनी, आणि मंगलच्या मनातली अंगठीही तीन वर्षांची. तिनं माहेरी सगळं पढवून ठेवलं होतं. वाण देताना मेव्हणा विचारणार, मी "अहो कशाला, कशाला" म्हणणार, आणि अंगठी माझ्या बोटात येणार. माझं काम एवढंच, की "कशाला" हा शब्द दोनदा म्हणायचा.

"दाजी, लाजू नका. काय पायजे ते मागा," मेव्हणा सुभाष म्हणाला. अंगठीची डबी त्याच्या खिशातून डोकावत होती.

पण मी सात धोंडे खाल्ले होते! पुरण भरलेले, वर तुपाची धार घेतलेले सात धोंडे पोटात गेले की माणूस आपल्या लायकीबाहेर उदार होतो. त्यात सासूबाई नेमक्या तेव्हाच समोरच्या ठिपक्याकडं बघत म्हणाल्या, "भैरोबा रोज दिसतोय बघा जावईबापू, पन पाय लागत नाय. डोळे हायेत तवर एकदा जवळून बघायचा होता."

 मी इकडंतिकडं पाहिलं, तर कडब्याच्या खोलीच्या दारातून एक बोटीची मोटर माझ्याकडं बघत होती. धरणाच्या कामावरच्या कुणा ठेकेदाराच्या माणसानं ती "उद्या येऊन नेतो" म्हणून मामंजींकडं ठेवली होती. तो उद्या काही उजाडला नाही. मामंजी गेले, गोठ्यातल्या म्हशींच्या दोन पिढ्या झाल्या, मोटर तिथंच. तिच्यावर कोंबड्या बसायच्या.

"मला अंगठी नको," मी म्हणालो. "ती मोटर द्या. माघी पौर्णिमेला मी आईंना मोटरबोटीनं भैरोबाला नेणार!"

 सासूबाईंचे डोळे भरून आले. सुभाषनं डबी ज्या चपळाईनं खिशात खोल ढकलली, ती चपळाई मी त्याच्या शेतीत कधी पाहिली नव्हती. आणि मंगलनं माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं आजही कधीकधी जेवणानंतर आंबट ढेकरासारखं वर येतं.

"दाजी, चालू व्हईल का पन ती?"

"न व्हायला काय झालं? टू-स्ट्रोक तर आहे!" मी म्हणालो. (टू-स्ट्रोक हा शब्द मला माझ्या स्कूटरमुळं माहीत होता. त्यापलीकडं मला माहीत होतं ते इतकंच, की स्कूटर तिरपी केली की चालू होते.)

औरंगाबादच्या छावणी भागात हमीद मिस्त्रींचं दुकान होतं. उन्हाळाभर कूलर, उरलेलं वर्षभर विहिरीवरच्या मोटरी आणि मधेमधे स्कूटरी. पांढरी दाढी, कानामागं पेन्सिल, आणि 'होणार नाही' हे शब्द त्यांच्या भाषेतच नव्हते. (ते असते तर बरं झालं असतं, असं मला पुढं फार वाटलं.) मोटर रिक्षातून उतरवली तेव्हा त्यांनी तिचं झाकण उघडून आत फुंकर मारली. पिसं उडाली. मग हात घातला आणि एक अंडं बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

"साहब, इसमें इंजन कम, मुर्गी ज्यादा है."

"चालू होईल ना पण?"

"हौ! मशीन है, आदमी थोडी है जो मर गया तो मर गया!"

मग चार महिने मी दर रविवारी छावणीत. जुन्या बाजारात एक मेलेली स्कूटर मिळाली, तिचा कार्बोरेटर काढला. एका मोपेडची कॉइल लावली. पेट्रोलच्या टाकीच्या जागी वनस्पती तुपाचा डबा आला. ओढून चालू करायची दोरी कुजली होती, तिच्या जागी माझ्या पायजम्याची नाडी. ("पतली है, मगर दिल की मजबूत है," इति मिस्त्री.) मोटरची मान सैल होऊन डुगडुगत होती, ती त्यांनी वेल्डिंग करून अशी पक्की केली की जेमतेम वीतभर इकडं आणि वीतभर तिकडं वळावी. झाकण गंजून जाळी झालं होतं, म्हणून घरातलं एक जुनं पातेलं उलटं ठेवून त्याला कड्या मारल्या. दुरून पाहिलं तर मोटर शिरस्त्राण घातलेल्या शिपायासारखी दिसायची. जवळून पाहिलं तर पातेल्यासारखी.

राहिला पंखा. पाण्यात फिरून बोट ढकलतो तो पंखाच मोटरला नव्हता.

"बनाऊंगा ना! सिरिफ पितल लाओ. जाडा पितल."

जाड पितळ आमच्या घरात एकाच ठिकाणी होतं. मंगलच्या लग्नातलं घंगाळ. माळ्यावर, गोधडीत गुंडाळलेलं, दहा वर्षांत कुणी खाली न काढलेलं. मी फार विचार केला नाही. (विचार केला असता तर अंगठीच घेतली असती.) मंगल भिशीला गेल्यावर मी ते खाली उतरवलं आणि पोत्यात घालून छावणीत पोचवलं.

मिस्त्रींनी त्याचा तळ कापून तीन पाती केली, डिंकाच्या लाडवाएवढ्या गोळ्यावर जोडली आणि चिमट्यानं एकेक पात पिळली.

"मिस्त्री, पाण्यातल्या पंख्याचा पीळ वेगळा असेल का हो?"

मिस्त्रींनी चष्म्यावरून पाहिलं. "क्या बाताँ करते साहब! पंखा पंखा रहता. हवा में रहो, पानी में रहो. मेरे हाथ के पंखे पूरे छावणी में घूम रहे."

ते खरंच होतं. 

बोटीची मोटर पाण्याशिवाय चालवायची नसते, असं मिस्त्रींनी कुठून तरी ऐकलं होतं. आणि पाणी म्हणजे आमचा हौद. अंगणातला, छातीएवढा, आदल्याच संध्याकाळी नळ येऊन काठोकाठ भरलेला. चार दिवसांचं अंघोळ, धुणं, भांडी, सगळं त्यात. त्या रविवारी माझे थोरले भाऊ आप्पा पिशोरहून आले होते, दवाखान्यात डोळे दाखवायला. (मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं ते आप्पांनी अंधुक डोळ्यांनी पाहिलं, असं मंगलचं म्हणणं आहे. मी तर चांगल्या डोळ्यांनी पाहिलं होतं!)

मोटर हौदाच्या कठड्याला आवळली. पंखा आत पाण्यात. मिस्त्रींनी डब्यात पेट्रोल ओतलं, त्यात तेल मिसळलं, आणि "बिस्मिल्ला" म्हणून नाडी ओढली. मग मी ओढली. मग आप्पांनी ओढली. सातव्या खेपेला मोटर खोकली, शिंकली आणि एकदम भडकली!

पहिल्यांदा धूर आला. इतका, की गल्लीतल्या लोकांना डासांची फवारणी आली असं वाटलं आणि त्यांनी आपापली दारं उघडून धूर आत घेतला. ("इकडं पण मारा हो, न्हाणीत लई डास हायेत!") मग पाणी आलं. मोटर आपली शेपटी वर उचलायला लागली आणि पंखा हौदातलं पाणी उपसून कठड्यावरून बाहेर, थेट माझ्या तोंडावर फेकायला लागला. धार कसली, फळीच ती! मी भिंतीपर्यंत मागं गेलो. धारही आली.

"उठ रही है, उठ रही है! बांधो!" मिस्त्री ओरडले. त्यांनी सायकलच्या ट्यूबनं तिची शेपटी खाली जखडली. धार आणखी जाड झाली.

आता आम्ही सगळे कोरडवाहू लोक. मोटर चांगली की वाईट, हे आम्हाला एकाच गोष्टीवरून कळतं. पाणी किती फेकते!

"आरारारा!" आप्पा गुडघाभर चिखलात उभे राहून म्हणाले. "भान्या, काय पानी टाकती रं ही! आपल्या हिरीवरली पाच हॉर्सपावरची मोटर हिच्यापुढं काईच नाय!"

"देखो प्रेशर!" मिस्त्रींचा ऊर भरून आला.

"बोटीला कशाला घालतो? पिशोरला दे. दोन एकर ऊस भिजंल!"

आम्ही तिघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होतो. बोटीच्या मोटरनं पाणी मागं फेकायचं असतं आणि ही ते पुढं, बोटीत बसणाऱ्याच्या तोंडावर फेकते आहे, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. पाणी बाहेर पडतंय ना? मग मोटर उत्तम!

मंगल भाजी घेऊन आली तेव्हा हौदात वीतभर गाळ आणि मोटर उरली होती. अंगणातून रस्त्यापर्यंत ओढा वाहत होता आणि त्यात शेजारच्यांची चप्पल निघाली होती.

"अहो... पाणी कुठंय?"

"मंगल, तू प्रेशर पाहायला हवं होतंस!"

तिनं पिशवी खाली ठेवली. मोटर थांबली होती. पंख्याचं एक पातं उन्हात लखलखत होतं. त्यावर कोरलेली अक्षरं तिनं वाकून वाचली: 'चि. सौ. कां. मंगल हिस आत्याकडून सप्रेम'.

यानंतरचं संभाषण मी देत नाही. त्यात माझा सहभाग फारसा नव्हता. हमीद मिस्त्री अवजारं टाकून गेले, ती त्यांनी तिसऱ्या दिवशी माणूस पाठवून मागवली. आप्पा डोळे न दाखवताच पिशोरच्या गाडीत बसले. आणि मी तीन दिवस कचेरीच्या नळावर तोंड धुतलं. मंगल शेवटी एवढंच म्हणाली, "आई रोज फोनवर विचारतेय, मोटर झाली का? तिनं भैरोबाला नवस बोललाय. ती जर पोचली नाही ना, तर घंगाळाचं मी वेगळं बघते."

म्हणजे आता माघार नव्हती.

माघी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मोटर घेऊन आम्ही एसटीत चढलो. पातेलं बाहेर, बाकीची मोटर घोंगडीत.

"हे काय हाय? पंप?" कंडक्टर.

"बोटीची मोटर."

"मंग बोटीनंच जायचं ना! एसटी कशाला?"

अख्खी गाडी हसली. मंगलही हसली. (माझ्या बाजूच्या विनोदांना ती हसत नाही.)

दुसऱ्या दिवशी काठावर सगळं गाव. हलगी वाजत होती. किसन नावाच्या मासेमारी करणाऱ्याची मोठी होडी धुऊन, हार घालून उभी. सासूबाई नव्या हिरव्या लुगड्यात. मांडीवर नैवेद्याची टोपली, हातात नारळ, आणि चेहऱ्यावर असा विश्वास, की मला तो बघवेना. मंगल त्यांच्या शेजारी. सुभाष पांढऱ्या कपड्यांत टोकाला. मी मागं, मोटरपाशी. किसननं बांबूनं रेटून होडी वीस-पंचवीस हात आत नेली आणि म्हणाला, "हं, लावा साहेब!"

मी भैरोबाचं नाव घेतलं आणि नाडी ओढली. तिसऱ्याच खेपेला मोटर पेटली! काठावर टाळ्या पडल्या. होडी हलली, तिनं वेग घेतला, आणि...

आणि काठ जवळ यायला लागला.

"दाजी, बेट तिकडं हाय!"

"माहितेय मला!"

"मंग आपन इकडं का चाललोय?"

उत्तर द्यायच्या आत होडी मागच्या बाजूनं धाडकन चिखलात घुसली. पंख्यानं चिखल उचलला आणि होडीत फेकला. मी वाकलो, सुभाष वाकला नाही. त्याचे पांढरे कपडे एका क्षणात शेतकामाचे झाले. काठावरचा एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "लवकर आले! झालं का दर्शन?"

दुसऱ्यांदा रेटली. पुन्हा काठावर! तिसऱ्यांदा किसननं चांगली लांब नेली, तर तेवढ्याच निष्ठेनं ती लांबून परत आली. हलगीवाल्यानं तिला ताल धरला होता. होडी निघाली की वाजवायचा, आपटली की थांबायचा.

किसननं पंख्याकडं वाकून पाहिलं. "साहेब, पाती उलटी पिळल्यात. ही माघारीच जानार. मोटरच फिरवून बसवा ना!"

मोटर फिरत नव्हती. मान वेल्ड केलेली! तेव्हा कुठं मला हौद आठवला, माझ्या तोंडावर आलेली ती धार आठवली, आणि आम्ही तिघांनी एकमेकांना दिलेल्या शाबासक्या आठवल्या.

सुभाष चिखल झटकत म्हणाला, "दाजी, तुमच्या खात्यातली धरनंबी अशीच बांधत्यात का?"

 तेवढ्यात सासूबाईंनी हातातला नारळ हळूच टोपलीत ठेवला. "राहू द्या जावईबापू," त्या म्हणाल्या. "तुमी लई केलं. देवाच्या मनात नाय, दुसरं काय." आणि उतरण्यासाठी त्यांनी मंगलचा खांदा धरला. शपथेवर सांगतो, त्या क्षणी पाणी गुडघाभर होतं म्हणून; खोल असतं तर मी उडीच मारली असती.

"आई, खाली बस," मंगल म्हणाली.

"अगं, पन..."

"बस म्हटलं ना! अहो, ही उलटी जाते ना?"

"हो."

"न चुकता उलटी जाते?"

"न चुकता."

"मग होडीच उलटी करा. तोंड गावाकडं, बूड भैरोबाकडं. आणि सगळे तोंड फिरवून बसा. मी अकरा वर्षं तुम्हाला असंच चालवते. दुकानात पाठवायचं असलं की जाऊ नका म्हणते!"

काठावर असा हशा पिकला की हलगी थांबली. किसननं बांबू लावून होडी फिरवली. सगळे उलटे बसले. मी नाडी ओढली.

आणि होडी निघाली. भैरोबाकडं! बूड पुढं, टोक मागं, पण निघाली. मागची सपाट बाजू पाणी कापत नव्हती, थोबाडत होती, आणि ते सगळं पाणी माझ्यावर येत होतं. मोटर शेपटी उचलायला लागली, तेव्हा मी पातेल्याला मिठी मारून तिच्यावर पोटानं पडलो. पातेलं तापलेलं, वरून पाणी गार. पोट भाजत होतं आणि पाठ गारठत होती. (उलट झालं असतं तरी चाललं असतं, त्या दिवशी उलट्याची सवय झाली होती.) पण माझ्या मागं बसलेल्या सासूबाईंच्या लुगड्यावर एक थेंब उडाला नाही. मध्ये वारा आला. वल्ह्याच्या दोन होड्या गिरक्या घ्यायला लागल्या. आम्ही त्यांच्या मधून उलटे, धूर सोडत, निघून गेलो.

टेकडीच्या पायऱ्या सासूबाई कुणाचा हात न धरता चढल्या. त्यांनी हार घातला, नारळ फोडला आणि उंबऱ्यावर डोकं टेकलं ते बराच वेळ उचललंच नाही. मग बाहेर येऊन पाण्यात एका जागी बोट दाखवून मला म्हणाल्या, "तिथं आपलं घर होतं बघा. लग्न होऊन आले तवा त्या दारात मी माप ओलांडलं होतं." तिथं साधं हिरवं पाणी होतं. मी ओल्या सदऱ्यानं थरथरत त्या पाण्याकडं बघत राहिलो. 

परतताना किसननं होडी पुन्हा फिरवली. आता बूड गावाकडं, टोक भैरोबाकडं. मी मोटरपाशी, गावाकडं तोंड करून. बाकीच्यांना मी म्हणालो, "चला, फिरून बसा."

सासूबाई हलल्या नाहीत. त्या होडीच्या टोकाकडं तोंड करूनच बसल्या होत्या. देवळातून निघताना आपण देवाला पाठ दाखवत नाही. चार पावलं मागं मागं सरतो, मग उंबऱ्याबाहेर आलं की वळतो. तर त्या आणि त्यांचा भैरोबा समोरासमोर, आणि होडी आपली मागं मागं सरते आहे! चार पावलं नाही, अख्खं धरण! देऊळ लहान झालं, ठिपका झालं, आमची होडी काठाला लागली, तरी त्यांचे हात जोडलेलेच होते.

उतरल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "जावईबापू, लई ठिकानं पाहिली, पन देवाला पाठ न दाखवनारी बोट कुठं पाहिली नाय. तुमाला सुचलं कसं हो?"

मी मंगलकडं पाहिलं. घंगाळाच्या धनिणीनं आकाशाकडं पाहिलं.

"सुचलं आपलं," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी हमीद मिस्त्री स्वतः आले. पाती सरळ करून देतो म्हणाले. सासूबाई चिमट्याच्या आड उभ्या राहिल्या. "हात लावायचा नाय! देवाची मोटर हाय ती." तेव्हापासून वीस-बावीस माघी पौर्णिमा झाल्या. सासूबाई आता नव्वदीला टेकल्या, पण पहिल्या फेरीत पहिली जागा त्यांचीच. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्या त्यांच्या मागं रांग लावतात. मिस्त्री छावणीत गिऱ्हाइकांना सांगतात, की तो पीळ त्यांनी मुद्दाम दिला होता. आणि मोटर मी चालवतो. दुसऱ्या कुणाला ती जमत नाही. आयुष्यात उलटं जायचा एवढा सराव गावात कुणालाच नाही.

फक्त एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. म्हणजे, माझ्या नाही, मंगलच्या. एकदा हौदात वाकून तांब्यानं तळ खरवडता खरवडता ती म्हणाली, "अहो, परतताना सगळी होडी देवाकडं तोंड करून बसते. पण मोटर चालवणारा?"

मी आठवून पाहिलं. मोटर चालवणारा गावाकडं तोंड करून बसतो. अख्ख्या धरणात, हलगीच्या तालावर, दर वर्षी, न चुकता, भैरोबाला पाठ दाखवणारा माणूस एकच!

आमच्या नळाला तेव्हा चौथ्या दिवशी पाणी यायचं. आता आठव्या दिवशी येतं.